'मला खात्री नाही' म्हणणारा साहेब चालेल का?

२६ जुलै २००५ ची दुपार. नरिमन पॉइंटच्या एखाद्या केबिनमधून बाहेर बघणाऱ्या अधिकाऱ्याला काही वावगं दिसायचं कारण नव्हतं. जुलै महिना, पाऊस पडणारच. तिथून जवळच्या कुलाब्याच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला. एवढ्या पावसात मुंबईकर फार तर पँट दुमडतो. त्याच चोवीस तासांत उपनगरातल्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळला. मिठी नदीने काठ सोडले, कुर्ला-कलिना बुडाले, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि घरी निघालेली माणसं रात्रभर वाटेत अडकली.

'काही नाही हो, नेहमीचाच पाऊस आहे' असं कोणी केबिनमधून म्हणालं असेल, तर तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या खिडकीतून दिसत होतं ते खरंच होतं. चूक पुढच्या पायरीवर होती: तेवढ्याच दृश्यावर, सांताक्रूझला फोन न लावता, शंभर माणसांना कधी सोडायचं हे ठरवण्यात.

गेली काही वर्षं कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये, मोठ्या पदांच्या जाहिरातींत आणि मॅनेजमेंटच्या वर्गांत 'इंटलेक्च्युअल ह्युमिलिटी' हा शब्द फिरतो आहे. मराठीत बौद्धिक नम्रता म्हणू. बीकेसीतल्या हॉलमध्ये दिवसभर त्यावरच्या स्लाइड बघून आलेल्या माणसाला विचारा, 'म्हणजे काय रे?' उत्तर बहुतेक असं येतं: 'साहेबांनी जरा नम्र वागायचं.' हा अर्थ घेतला तर सगळं ट्रेनिंग फुकट गेलं म्हणायचं.

मुळात हे आहे काय?

आपल्याला ठाऊक आहे ते अपुरं किंवा चुकीचं असू शकतं हे धरून चालायचं, आणि तसा पुरावा पुढे आला की मत बदलायचं. बौद्धिक नम्रता ती एवढीच.

स्वभावाच्या गोडव्याशी तिचं फारसं नातं नाही. काही साहेब शिपायालाही 'अहो' म्हणतात, पाहुण्याला लिफ्टपर्यंत सोडायला येतात, पण त्यांचं एकदा झालेलं मत ब्रह्मदेव आला तरी हलत नाही. दुसरीकडे एखाद्या मॅडम तोंडाने फटकळ असतात, मीटिंगमध्ये समोरच्याला सोलून काढतात. मात्र कालच रुजू झालेल्या मुलाने 'मॅडम, हा आकडा मागच्या वर्षीचा आहे' असं दाखवलं की त्याच क्षणी 'बरोबर आहे तुझं' म्हणून फाइल परत पाठवतात. या लेखापुरत्या नम्र आहेत त्या मॅडम.

आत्मविश्वास कमी असणं म्हणजेही हे नव्हे. पावसाळ्यात ताप घेऊन गेलात आणि अनुभवी डॉक्टर म्हणाले, 'मला टायफॉइड वाटतोय, पण प्लेटलेट्सचा रिपोर्ट येईपर्यंत डेंग्यू डोक्यातून काढत नाही,' तर आपण त्यांना घाबरट म्हणत नाही. त्यांचा भरवसा स्वतःच्या पद्धतीवर आहे. म्हणूनच हातातलं निदान त्यांना सैल धरता येतं. भरवसा नसलेला डॉक्टर पहिल्याच निदानाला घट्ट चिकटून बसतो.

खुर्ची मोठी होते तशी माहिती का आटते?

चुका सगळेच करतात. मग वरच्या खुर्चीतल्या माणसाबद्दलच एवढी चर्चा कशाला? एक कारण उघड आहे: त्याच्या चुकीची किंमत दुसरे मोजतात. दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही. माणूस जसजसा वर जातो, तसतसं त्याला खरं सांगणं लोक कमी करतात.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी घ्या. वॉचमन दर वेळी सात मजले चढून झाकण उघडून बघत नाही, खाली पंपाच्या खोलीतल्या इंडिकेटरवर विसंबतो. आता समजा त्या इंडिकेटरला जीव आहे, आणि टाकी अर्धी दाखवली की वॉचमन त्यालाच फटका मारतो. आठवड्याभरात तो कायम 'फुल' दाखवायला शिकेल. वॉचमन खूश, आणि सकाळी सात वाजता तिसऱ्या मजल्यावर तोंडाला साबण लावून एक माणूस बोंबलतोय.

ऑफिसात इंडिकेटर म्हणजे माणसं, आणि त्यांना खरोखरच जीव असतो. साईटवरचा सुपरवायझर म्हणतो, 'स्लॅबला अजून दहा दिवस.' प्रोजेक्ट मॅनेजर वर कळवतो, 'आठवडाभरात होईल.' त्याच्या वरचा सांगतो, 'ऑलमोस्ट डन.' डायरेक्टरच्या स्लाइडवर हिरवा गोल उमटतो. यात धडधडीत खोटं कोणीच बोललेलं नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या वरच्याच्या कपाळावरची आठी टाळली. 'राजा बोले, दळ हाले' ही म्हण खरी आहेच, पण राजाने नुसती भुवई उचलली तरी दळ हलतं, हे राजांच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: तिथे चुका जास्त दिसत होत्या. कारण शोधल्यावर त्यांना दिसलं की त्या विभागांत चुका जास्त नोंदल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी परिचारिका गप्प बसत. तेव्हा ज्या साहेबाकडे कधीच वाईट बातमी येत नाही, त्याने खूश होण्याऐवजी आपल्या इंडिकेटरची वायर तपासावी.

कॉकपिटमधला 'सर'

हा विषय ज्या व्यवसायाने सगळ्यात आधी आणि सगळ्यात महागात शिकून घेतला, तो विमान वाहतुकीचा.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात केएलएम या डच कंपनीच्या जंबो विमानाने टेक-ऑफ सुरू केला. त्याच धावपट्टीवर पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं दुसरं जंबो अजून होतं. केएलएमचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक, जाहिरातींत ज्याचा फोटो झळकायचा असा माणूस. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली आणि त्याने विचारलं, ते पॅन ॲम बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं की झालं. इंजिनिअर गप्प बसला. पुढच्या काही सेकंदांत ५८३ माणसं गेली.

आपल्याकडची गोष्ट जवळची आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ जण मरण पावले, ८ वाचले. विमान खूप उंचावरून आणि वेगात खाली येत होतं. सह-वैमानिकाने तीन वेळा 'गो अराउंड' म्हटलं, म्हणजे लँडिंग सोडा, पुन्हा वर चला. कॅप्टनने ऐकलं नाही. सह-वैमानिकाला दिसत होतं, त्याने तोंडानेही सांगितलं, पण विमान स्वतःच्या हातात घेतलं नाही, हे चौकशीत नोंदलं गेलं.

टेनेरीफनंतर विमान कंपन्यांनी 'कॅप्टनसाहेब, नम्र व्हा' अशी पोस्टर लावली नाहीत. १९७९ मध्ये नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने प्रशिक्षण सुरू केलं. त्याला आज क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. त्यात कनिष्ठाला शंका कोणत्या शब्दांत मांडायची, ऐकलं गेलं नाही तर आवाज कसा चढवायचा, कधी कंट्रोल घ्यायचा हे शिकवतात. आणि कॅप्टनला ते ऐकून घ्यायला शिकवतात. मंगळूर दाखवतं की शिकवूनही प्रश्न संपत नाही. तरीही स्वभाव बदलायची वाट बघण्यापेक्षा पद्धत बदलावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पन्नाशीतल्या माणसाचा स्वभाव एचआरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत बदलतो यावर माझा विश्वास नाही.

परळमधले दोन पिंजरे

वरची उदाहरणं एकेका माणसाची. अख्खी यंत्रणाच खात्रीने चुकते तेव्हा काय होतं, हे बघायला मुंबईबाहेर जायची गरज नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं की शहरात प्लेग आला आहे. (धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना तो कोणाचा हे माहीत असेल, कोण जाणे.) प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. म्हणजे जंतू माहीत होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे माहीत नव्हतं.

सरकारकडे मात्र उत्तर तयार होतं: घाण, कोंदट हवा, गटारं. त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही, त्या काळचं आरोग्यशास्त्र याच वळणाचं होतं. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडण्यात आलं. घरांना चुना फासला, सामान जाळलं, आजाऱ्यांना जबरदस्तीने घराबाहेर काढून हॉस्पिटलात नेलं. लोक आजारी माणसं लपवू लागले. लाखोंनी शहर सोडलं आणि साथही फैलावत गेली. या काळात मांडवीच्या धान्याच्या गोदामांत उंदीर मरून पडत होते. ते दिसत सगळ्यांना होतं. उंदरापासून माणसापर्यंतचा दुवा तेवढा कोणाच्या हाती लागत नव्हता.

१८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने तो दुवा प्रयोग करून दाखवला. उंदराच्या अंगावरची पिसू. सरकारने नेमलेलं इंडियन प्लेग कमिशन त्याच सुमारास देशभर साक्षी घेत होतं. कमिशनने सिमाँचं म्हणणं तपासलं आणि ते फारसं विचारात घेण्याजोगं नाही असं ठरवून बाजूला ठेवलं.

इथे थोडं थांबू या, कारण कमिशनला मूर्ख ठरवणं फार सोपं आहे. सिमाँचा प्रयोग छोटा होता. त्यावर शंका घेणं अगदी रास्त होतं. पण शंका आली तर प्रयोग पुन्हा, मोठ्या प्रमाणावर करून बघायचा असतो. कमिशनने शंकेलाच निकाल मानलं. पुढच्या काही वर्षांत देशात लाखो माणसं प्लेगने मेली.

१९०५ मध्ये नवं संशोधक पथक परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेत कामाला लागलं. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. त्यांनी केलेला एक प्रयोग ऐकायला इतका साधा आहे की हसू यावं. पिसवांनी भरलेल्या जागेत एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला, दुसरा दोन फुटांवर. पिसू चार-पाच इंचांपेक्षा फार उंच उडत नाही. खालच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला प्लेग झाला, वरचा वाचला. रोग कोंदट हवेतून येत असता तर दोन फुटांनी काय बिघडणार होतं? दुसऱ्या एका मांडणीत प्राण्याभोवती चिकट कागदाचा पट्टा पसरला, तोही वाचला.

या प्रयोगाला लागलं काय? पिंजरे, दोरी आणि कागद. न परवडणारं त्यात काही नव्हतं. आपण चुकत असू तर ते कशावरून कळेल, हा प्रश्न आधी विचारायला मात्र कोणीतरी हवं होतं.

या कथेला एक गमतीदार शेपूटही आहे. 'हवा-उजेड नाही म्हणून प्लेग' याच समजुतीतून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याची आखणी केली. चुकीच्या कारणासाठी झालेलं बरंच चांगलं काम. म्हणून निकाल चांगला लागला याचा अर्थ विचार बरोबर होता असं समजू नये. टार्गेट पूर्ण झाल्याच्या पार्टीत हे आठवणारा सेल्स हेड माझ्या तरी बघण्यात नाही.

'साहेबच डळमळला तर टीमचं काय?'

हा पहिला आणि सगळ्यात जोरदार आक्षेप. संकटात लोकांना ठाम माणूस हवा असतो. मान्य. पण ठाम निर्णय आणि ठाम अंदाज या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात.

हवामान खातं हेच करतं. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पाऊस किती पडेल याची खात्री खात्याकडे नसते, पण त्या अनिश्चिततेतूनच कोणी काय करायचं हे स्पष्ट सांगितलं जातं. लाल इशारा देऊन ऊन पडलं की आपण खात्याची टर उडवतो, शाळेला फुकट सुट्टी दिली म्हणून चिडतो. शक्यता सांगणाऱ्याला शंभर टक्के बरोबर असण्याची अट घातली, तर तो पुढच्या वेळी एक तर गप्प बसेल, नाहीतर खोटी खात्री देईल.

ऑफिसात हे वाक्य असं बोलता येतं: 'आपण हा व्हेंडर घेतोय. मला सत्तर टक्के खात्री आहे. गणपतीपर्यंत पहिली खेप वेळेवर आली नाही, तर करार थांबवायचा.' या वाक्यात डळमळीत काय आहे? निर्णय आहे, तारीख आहे, आणि कशामुळे मत बदलेल तेही आहे. उलट 'काहीही होवो, हाच व्हेंडर' असं म्हणणाऱ्याला दिवाळीत नवा व्हेंडर आणायचा झाला, तर आधी स्वतःचं नाक वाचवायला सबब शोधावी लागते. त्या शोधात महिना जातो.

'चूक कबूल केली तर दरारा जातो' ही याच आक्षेपाची धाकटी बहीण. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं प्रक्षेपण फसलं, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांपुढे गेले आणि जबाबदारी घेतली. १८ जुलै १९८० ला यश मिळालं तेव्हा त्यांनी अब्दुल कलामांना पुढे केलं. हे बहुतेकांना पाठ आहे. कलाम स्वतः सांगत तो आधीचा भाग कमी लोकांना आठवतो: त्या फसलेल्या प्रक्षेपणाआधी संगणकाने 'थांबा' सांगितलं होतं, तज्ज्ञांनी 'चिंता नको' म्हटलं आणि मिशन डायरेक्टर म्हणून त्यांनी संगणकाला बाजूला सारून प्रक्षेपण केलं. ही चूक ते पुढे जाहीर व्यासपीठांवरून सांगत राहिले. त्यांचा दरारा त्यामुळे कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

'मग अनुभवाला काही किंमतच नाही का?'

आहे, पण सगळीकडे सारखी नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या विषयावर एकमेकांचे विरोधक होते. दोघांनी मिळून २००९ मध्ये एक लेख लिहिला. (विरोधकाबरोबर बसून लिहिणं हेच या विषयाचं उत्तम प्रात्यक्षिक.) निष्कर्ष असा: जिथे परिस्थितीला काही नियमितता असते आणि आपण बरोबर की चूक हे लवकर कळतं, तिथे अनुभवी माणसाच्या आतल्या आवाजावर विसंबावं. भूलतज्ज्ञ, अग्निशमन दलाचा अधिकारी यांचं तसं असतं. जिथे उत्तर कळायला वर्षं लागतात किंवा ते कधीच नीट कळत नाही, तिथे वीस वर्षांचा अनुभव म्हणजे वीस वर्षं न तपासलेली मतं असू शकतात. माणूस निवडणं, बाजार कुठे जाईल हे सांगणं, निवडणुकीचे अंदाज, ही सगळी या दुसऱ्या खात्यातली कामं.

राजकीय अंदाजांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी सुमारे दोन दशकं २८४ तज्ज्ञांचे राजकीय-आर्थिक अंदाज जमवून तपासले. एकाच मोठ्या कल्पनेत जग बसवणारे तज्ज्ञ सगळ्यात कच्चे निघाले, आणि ज्यांचं नाव माध्यमांत जास्त गाजतं त्यांचे अंदाज इतरांहून सरस नव्हते, उलट कमीच. थोड्या-थोड्या शंका बाळगत मत दुरुस्त करणारे पुढे होते. टीव्हीला अर्थातच ते नको असतात, 'एकीकडे असं, पण दुसरीकडे तसं' म्हणणाऱ्या माणसाबरोबर भांडता येत नाही.

मात्र याचा उलटा गैरअर्थही होऊ देऊ नये. 'सगळेच चुकू शकतात' याचा अर्थ सगळ्यांची मतं सारख्या वजनाची असा नव्हे. पुलाच्या खांबाला तडा गेलाय का, यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं मत एका तागडीत घालणं ही नम्रता नाही, आळस आहे. वजन पुराव्याला द्यायचं, आणि तो आणणारा कोणत्या ग्रेडचा आहे हे बघायचं नाही.

'आपल्याकडे हे चालत नाही'

आपल्याकडे वयाचा मान आहे, पदाचा मान आहे, 'साहेबवाक्यं प्रमाणम्' आहे. ज्युनिअर माणूस चारचौघांत 'सर, तुमचं चुकतंय' म्हणणार नाही, आणि म्हणाला तर अप्रेझलमध्ये त्याला ते भोवेल. हे खरं आहे. म्हणूनच त्याच्या धैर्यावर विसंबून राहू नये.

पदाचा मान सैन्याहून जास्त कुठे असेल? तरी भारतीय लष्कराच्या नियमांत कोर्ट मार्शलचा निर्णय घेताना प्रत्येक सदस्याचं मत सगळ्यात कनिष्ठापासून सुरू करून घ्यायचं, असं लिहिलेलं आहे. कारण कर्नल आधी बोलला की कॅप्टनचं मत आपोआप तयार होतं. कनिष्ठाला बंडखोर व्हायला कोणी सांगत नाही, फक्त बोलण्याचा क्रम उलटा केलाय. ही युक्ती उद्याच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये फुकट वापरता येते: साहेबांनी शेवटी बोलायचं.

दुसरी युक्ती क्लाइन यांचीच, तिला प्री-मॉर्टेम म्हणतात. प्रकल्प सुरू होण्याआधी टीमला सांगायचं: 'समजा वर्ष झालंय आणि हे काम सपशेल आपटलंय. का आपटलं ते प्रत्येकाने दोन मिनिटांत चिठ्ठीवर लिहा.' इथे गंमत अशी की शंका काढणं हेच साहेबाने दिलेलं काम होतं. 'तुमची योजना चुकीची आहे' असं म्हणायला ज्याची जीभ रेटत नाही, तो 'पावसात गोवंडीचं गोदाम भरलं म्हणून माल भिजला' असं आरामात लिहून देतो. आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात कामाचं निघतं.

'चेकलिस्ट लावली की झालं ना?'

नाही, आणि याचा पुरावा चांगला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. त्यातला एक मुद्दा असा की चिरफाड सुरू होण्याआधी ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. मोठ्या सर्जनना हा पोरखेळ वाटू शकतो. पण एकदा तोंड उघडलेली सिस्टर पुढे गडबड दिसली तर पुन्हा तोंड उघडण्याची शक्यता वाढते, असा त्यामागचा विचार. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा हॉस्पिटलातले मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने तीच चेकलिस्ट सरसकट लागू केली. १०१ हॉस्पिटलांचे आकडे २०१४ मध्ये आले आणि मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यावर तज्ज्ञांत वाद आहेत. मला पटणारं स्पष्टीकरण असं की वरून आदेश आला म्हणून टिकमार्क करत गेलं, तर यादी फक्त कागद उरते. आपल्या सरकारी आणि खासगी कचेऱ्यांत 'सेफ्टी रजिस्टर' महिनाअखेरीस एकाच पेनाने कसं भरलं जातं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ओंटारिओचं आश्चर्य वाटणार नाही.

दिखाऊ नम्रता कशी ओळखायची?

शब्द फॅशनमध्ये आला की त्याची नक्कलही बाजारात येते. 'माझं दार सगळ्यांना उघडं आहे' असं म्हणायचं, आणि आत आलेल्या माणसाला विचारायचं, 'हे अजून कोण कोण म्हणतंय?' निनावी सर्व्हे घ्यायचा आणि हे वाक्य कोणाचं असेल याचा दुपारभर शोध घ्यायचा. पाच जणांची मतं घ्यायची आणि सकाळीच टाइप करून ठेवलेला निर्णय संध्याकाळी पाठवायचा. लोक हे दोन महिन्यांत ओळखतात, आणि मग पूर्वीपेक्षाही गप्प होतात.

याहून घातक प्रकार म्हणजे शंकेची ढाल करणं. 'अजून अभ्यास हवा', 'समिती नेमू', 'सगळी माहिती येऊ दे.' अमेरिकेतल्या एका तंबाखू कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात 'शंका हेच आपलं उत्पादन' अशा अर्थाचं वाक्य सापडलं. धूम्रपानाचे धोके दिसत असताना निर्णय लांबवण्यासाठी विज्ञानाची अनिश्चितता कशी वापरायची, याचा तो आराखडा होता. फरक ओळखायचा तर एक विचारावं: काय दिसलं म्हणजे तुम्ही निर्णय घ्याल? खरी शंका असलेला माणूस काहीतरी ठोस सांगतो, मग तो एखादा रिपोर्ट असो, आकडा असो की तारीख. ढालवाला नवी समिती सुचवतो.

हीच कसोटी नोकरीच्या मुलाखतीत तुमच्या बाजूनेही लावता येते. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतात, तेव्हा होणाऱ्या साहेबाला किंवा मॅडमना विचारा: 'गेल्या वर्षभरात टीममधल्या कोणाच्या सांगण्यावरून तुम्ही तुमचा निर्णय फिरवला, असं एखादं उदाहरण आहे का?' उत्तर काय येतं त्यापेक्षा त्यात तपशील किती आहेत ते बघा. कोणाचं नाव येतं का, कोणता निर्णय होता, काय कळल्यावर फिरवला. 'आम्ही इथे सगळ्यांचं ऐकतो' एवढंच ऐकू आलं, तर पगाराच्या वाटाघाटीत थोडा जास्त आकडा मागायला हरकत नाही.